कावळा, फांदी आणि पाच टक्के

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण आपण योगायोगासाठी वापरतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. म्हण वापरणाऱ्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असते, ती म्हणजे कावळ्याच्या भाराने फांदी मोडत नाही. पण समजा, ती ठाऊक नसेल तर? कावळा दहा फांद्यांवर बसला आणि त्यांतल्या नऊ तुटल्या, तरीही आपण योगायोगच म्हणणार का? आठ तुटल्या तर? सात? नेमक्या किती फांद्या तुटल्यावर ‘योगायोग’ हा शब्द मागे घ्यायचा?

मानसशास्त्रातल्या संशोधकापुढे रोज हाच प्रश्न असतो. माणसाचे मन चंचल, त्याचे वागणे दर दिवशी वेगळे. त्यामुळे प्रयोगात दिसलेला फरक खरा की बोलाफुलाला गाठ पडली, हे ठरवावे लागते. त्यासाठी सुमारे शंभर वर्षे एक साधी संख्याशास्त्रीय चाचणी वापरली जाते. ‘अमुक केल्याने एकाग्रता वाढते, असे संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे वाक्य आपण रविवारच्या पुरवणीत वाचतो, तेव्हा त्यामागे बहुधा हीच चाचणी आणि पाच टक्के ही तिची रेघ उभी असते.

मी संख्याशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, जुनी पाठ्यपुस्तके आणि मिळतील तसे मूळ शोधनिबंध वाचत, वहीत गणिते मांडत हा विषय शिकलो. म्हणूनच खात्रीने सांगतो, की ही चाचणी समजायला शालेय गणित पुरते. त्याहून जास्त गरज आहे ती एका सवयीची : निकालाचा आकडा पाहण्याआधी ‘हा प्रश्न कधी ठरला होता?’ असे विचारण्याची. या लेखाचा भर त्या सवयीवर आहे.

चहाचे आठ कप

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे एक शेतकी संशोधन केंद्र आहे. १९२०च्या दशकात तिथे रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या सहकारी म्युरिएल ब्रिस्टल शेवाळांच्या अभ्यासक होत्या. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळते असे त्यांचे म्हणणे. फिशर यांनी त्यावर प्रयोग सुचवला. १९३५ साली आलेल्या त्यांच्या प्रयोगरचनेवरील पुस्तकात हे उदाहरण सविस्तर येते. बाईंचे नाव मात्र तिथे नाही आणि निकालही नाही. फिशर यांना निकालापेक्षा रचना महत्त्वाची वाटत होती.

रचना अशी. आठ कप करायचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंना ‘चार-चार आहेत’ एवढेच सांगायचे आणि दूध आधी घातलेले चार कप निवडायला लावायचे. आता उलट बाजूने विचार करायचा. बाईंना चवीतले काहीच कळत नाही असे धरून चालू. मग आठांतून कोणतेही चार कप निवडण्याचे एकूण मार्ग किती? गणित सांगते, ७०. त्यांतला पूर्ण बरोबर मार्ग एकच. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप ओळखले जाण्याची शक्यता सत्तरात एक, जवळपास १.४ टक्के. इतके दुर्मीळ काही समोर घडले तर ‘काहीच कळत नाही’ हे गृहीतक सोडून देण्यास जागा आहे.

आणि एक कप चुकला तर? चारांपैकी तीन बरोबर येतील असे मार्ग १६ आहेत. ते आणि पूर्ण बरोबर असा एक, मिळून ७०पैकी १७, म्हणजे २४ टक्के. चारांत एकदा असे सहज घडते. त्यावरून काहीच म्हणता येत नाही. हा हिशेब कपाला तोंड लागण्याआधी पूर्ण झाला होता, हे इथेच लक्षात ठेवू.

या चाचणीचे सगळे मर्म एवढेच. ‘काही घडतच नाही’ असे प्रथम मानायचे. याला संख्याशास्त्रात शून्य गृहीतक म्हणतात. ते खरे असते तर समोर आलेला, किंवा त्याहूनही ठळक, निकाल किती वेळा आला असता हे काढायचे. या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात. ते ठरलेल्या रेघेच्या खाली असेल तर निकालाला ‘सार्थ’ किंवा ‘लक्षणीय’ हे विशेषण मिळते.

दहा मुले, दहा नाणी

मानसशास्त्रातले सर्वांत सोपे रूप पाहू. समजा, दहा मुलांची स्मरणशक्ती एका शब्दयादीवर तपासली. महिनाभर त्यांना श्वसनाचा व्यायाम दिला आणि पुन्हा तपासली. ज्याचे गुण वाढले त्याच्यापुढे अधिक, ज्याचे घटले त्याच्यापुढे उणे. व्यायामाचा काहीच परिणाम नसेल, तर प्रत्येक मुलाचे चिन्ह हे नाणेफेकीसारखे, अधिक किंवा उणे, सारख्याच शक्यतेचे. दहा नाणी उडवली तर एकूण १०२४ प्रकार होतात. दहाही छापे एका प्रकारे, नऊ छापे १० प्रकारे आणि आठ छापे ४५ प्रकारे येतात. म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त मुलांचे गुण वाढण्याची शक्यता १०२४त ११, सुमारे १.१ टक्के. आठ किंवा जास्त धरले तर १०२४त ५६, सुमारे ५.५ टक्के. नऊ मुले सुधारली तर निकाल ‘लक्षणीय’, आठ सुधारली तर नाही. एका मुलाचा फरक.

ही चिन्ह-चाचणी फिशरपेक्षाही जुनी आहे. १७१०मध्ये जॉन आर्बथनॉट या वैद्याने लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या ८२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. दर वर्षी मुलींपेक्षा मुलगे जास्त. ८२ नाणी उडवून सगळी छाप पडण्याइतके हे दुर्मीळ. त्याने निष्कर्ष काढला, की हा योगायोग नव्हे, ही ईश्वरी योजना. पहिले अर्धे वाक्य आजही बरोबर आहे, कारण मुलग्यांचा जन्म खरोखरच किंचित जास्त होतो. दुसरे अर्धे मात्र चाचणीतून निघत नाही. चाचणी फक्त ‘हे नाणे नाही’ एवढे सांगते. मग काय आहे, ते सांगत नाही.

आपल्या दहा मुलांचेही तसेच. नऊ जणांचे गुण वाढले, याचे श्रेय व्यायामाला द्यायचे की दुसऱ्यांदा त्याच प्रकारची परीक्षा देताना झालेल्या सरावाला? व्यायाम न दिलेली दहा मुले सोबत तपासली नसतील, तर गणित कितीही चोख असले तरी या प्रश्नाला उत्तर नाही.

वीसात एक

रेघ पाच टक्क्यांवरच का? १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी वीसात एक हे प्रमाण सोयीचे म्हणून सुचवले. त्यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही. शिवाय त्यांच्या लेखी एकदा रेघ ओलांडली म्हणजे काम संपले असे नव्हते. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यावर क्वचितच फसत असेल, तरच ती गोष्ट प्रस्थापित मानावी असे त्यांनी १९२६मध्ये लिहिले आहे. पुढच्या पिढ्यांनी रेघ उचलली आणि अट मागे ठेवली. नियतकालिकांत रेघेखालचे निकाल छापले जाऊ लागले, वरचे टेबलाच्या खणात राहू लागले.

एक गैरसमज सुशिक्षितांतही भेटतो. पी-मूल्य पाच टक्के म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ९५ टक्के, असे अनेक जण समजतात. तसे नाही. समजा, मानसशास्त्रातल्या १०० नव्या कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या १० खऱ्या आहेत. खऱ्या दहांपैकी आठ चाचणीत उतरल्या असे धरू. उरलेल्या ९० खोट्यांपैकी पाच टक्के, म्हणजे चार-पाच, निव्वळ योगायोगाने उतरतील. आता यशस्वी ठरलेल्या साडेबारांत साडेचार खोट्या. शंभरात पाच नव्हे, छत्तीस! अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेला २०१६मध्ये खास निवेदन काढून सांगावे लागले, की पी-मूल्य म्हणजे गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे.

फांद्या किती मोजल्या?

इथपर्यंतच्या अडचणी समजुतीच्या. खरी गफलत पुढे आहे. वीसात एकदा चकवणारी चाचणी वीस वेगवेगळ्या प्रश्नांवर लावली, तर निदान एकदा फसण्याची शक्यता ६४ टक्के होते. संशोधकाने वीसही प्रश्न लिहिले तर वाचक सावध होईल. पण त्याने एकोणीस गाळून एकच छापला तर? कावळा वीस फांद्यांवर बसला. आपल्याला फक्त तुटलेली दाखवली गेली.

२०११मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमनसोन या तीन संशोधकांनी हे दाखवण्यासाठी एक मासलेवाईक प्रयोग केला. २० विद्यार्थ्यांतल्या काहींना बीटल्सचे ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ हे गाणे ऐकवले, काहींना दुसरे संगीत. वडिलांचे वय लक्षात घेऊन हिशेब केला, तेव्हा बीटल्स ऐकणाऱ्यांचे वय जवळजवळ दीड वर्षाने कमी निघाले! पी-मूल्य चार टक्के. त्यांना वाटले की आपण तरुण आहोत, असे नव्हे. प्रत्यक्ष वय कमी. अशक्य गोष्ट ‘सिद्ध’ झाली, आणि त्यासाठी एकही आकडा खोटा लिहावा लागला नाही. बरीच माहिती गोळा केली होती, त्यांतली सोयीची घेतली. आणखी एक गट होता, तो सांगितला नाही. थोडे विद्यार्थी झाले की निकाल पाहायचा, मग थांबायचे की पुढे जायचे ते ठरवायचे. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर पाच टक्क्यांची चूक ६०.७ टक्क्यांवर जाते, असे त्यांनी गणिताने दाखवले.

त्याच वर्षी एक गंभीर प्रकरण घडले. कॉर्नेल विद्यापीठातले नामवंत मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी माणसाला पुढचे आधी जाणवते असा दावा करणारा निबंध एका मान्यवर नियतकालिकात छापला. नऊ प्रयोग, हजारावर सहभागी, नवांतले आठ लक्षणीय. पहिल्या प्रयोगात पडद्यावर दोन पडदे दिसत. एकामागे चित्र असे. विद्यार्थ्याने निवड केल्यानंतर संगणक चित्राची जागा ठरवी. कामुक चित्रांच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी शंभरात ५० ऐवजी ५३.१ वेळा बरोबर पडदा निवडला. शंभर नाणेफेकींत तीन छापे जास्त येणे म्हणजे काहीच नाही. पण निवडी सुमारे दीड हजार होत्या, आणि इतक्या नाण्यांत एवढा कल शंभरात एखाद्या वेळीच दिसतो. इतर चित्रांबाबत मात्र आकडा ४९.८, म्हणजे नाणेच.

टीकाकारांनी विचारले, की कामुक चित्रांतच परिणाम दिसेल हे आधी ठरले होते, की आकडे पाहून? बेम यांनी तर आपल्या शास्त्रात रूढ असलेल्याच पद्धती वापरल्या होत्या. म्हणून धक्का मोठा होता. या पद्धतींनी भविष्यज्ञान सिद्ध होत असेल, तर याच पद्धतींनी सिद्ध झालेल्या बाकीच्या गोष्टींचे काय? दुसऱ्या तीन संशोधकांनी त्यांतला एक प्रयोग तीन ठिकाणी पुन्हा केला; काही मिळाले नाही. मूळ नियतकालिकाने तो निबंध नाकारला, कारण जुन्या प्रयोगांची पुनरावृत्ती छापण्याचे त्याचे धोरण नव्हते. तो २०१२मध्ये दुसरीकडे आला. त्याच वर्षी आणखी एका गटाने सात प्रयोग आणि ३,२८९ सहभागी घेऊन पाहिले. निकाल तोच : नाणे.

मग २०१५मध्ये २७० संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा केले. मूळच्यांपैकी ९७ टक्के अभ्यासांचा निकाल लक्षणीय होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले. या शास्त्राच्या बाजूने एक नोंद करायला हवी, की हा ताळेबंद त्याच क्षेत्रातल्या माणसांनी स्वतः मांडला आणि जगापुढे ठेवला. आता काही नियतकालिके प्रयोग सुरू होण्याआधीच त्याचा आराखडा तपासतात आणि निकाल काहीही आला तरी छापण्याचे वचन देतात. आधी पैज, मग फासे.

पुण्यातली चाचणी

आधी पैज लावून केलेल्या चाचणीचे एक उत्तम उदाहरण आपल्याकडे, पुण्यात घडले आहे. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी सांगता येते का, हा प्रश्न जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी तपासायचे ठरवले. १०० हुशार मुले आणि बौद्धिक वाढ खुंटलेली १०० मुले यांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, हे ना ज्योतिष्याला ठाऊक ना ती पाठवणाऱ्याला. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली.

चाळीसपैकी किती बरोबर आल्यावर यश मानायचे? निकष आधीच ठरला होता : २८. वहीत गणित मांडून पाहिले, तर नाणे उडवणाऱ्याला २८ किंवा जास्त यश मिळण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, सुमारे ०.८ येते. एकेकट्यासाठी पाच टक्क्यांच्या रेघेला २६ पुरले असते. मग रेघ इतकी वर का हवी? कारण उत्तरे देणारे २७ आहेत. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतल्या निदान एकाला २६ किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता ६७ टक्के निघते. म्हणजे निकष पाच टक्क्यांवर ठेवला असता, तर नाण्यांतूनही एक ‘सिद्ध ज्योतिषी’ बहुधा निर्माण झाला असता. २८चा निकष ठेवल्यावर ही शक्यता २० टक्क्यांवर येते. फांद्या किती आहेत हे मोजून मगच रेघ आखावी लागते, ती अशी.

प्रत्यक्षात सर्वाधिक गुण होते २४. सगळ्यांची सरासरी सुमारे ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हा निबंध २००९मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातल्या निकालापेक्षा त्याची रीत मोलाची वाटते. ज्योतिष्यांपैकी कुणाला २८ मिळाले असते, तर चाचणी घेणाऱ्यांना ते मान्य करावे लागले असते. त्यांनी स्वतःच्या हरण्याची वाट आधी मोकळी ठेवली होती. ज्या चाचणीत घेणारा हरूच शकत नाही, ती चाचणी नव्हे.

विचारायचे तीन प्रश्न

हे सगळे विद्यापीठांपुरते असते तर मी ते दिवाळी अंकात लिहिले नसते. आज आपल्या शहरांत बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणारे अहवाल पैसे घेऊन दिले जातात. दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी शास्त्र शाखेला जाणार की नाही, हे कधी कधी अशा पानांवर ठरते. अहवालावर ‘संशोधनाधारित’ असा शब्द असतोच. या दाव्याची परीक्षा अवघड नाही. पुण्याच्या चाचणीचा साचा तयार आहे : ठसे घ्या, नावे झाका, कल माहीत असलेल्या मुलांचे दोन गट करा, ओळखायला लावा, आणि किती बरोबर आल्यावर मानायचे ते आधी कागदावर लिहा.

पालकाला हे सारे करता येणार नाही, पण तीन प्रश्न विचारता येतील. तुलनेला दुसरा गट होता का? किती गोष्टी तपासल्या आणि त्यांतल्या किती सांगितल्या? आणि यशाची रेघ निकालाच्या आधी आखली होती की नंतर? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर पाच टक्के काय आणि एक टक्का काय, त्या आकड्याला अर्थ उरत नाही. मग निर्णय मुलीशी बोलून, तिच्या शिक्षकांना विचारून घ्यावा. तिच्या बोटांना तिचा अभ्यास करू द्यावा.